फेल बोरांची शिवारफेरी

सिद्धलिंगआप्पांचा नारळ उभा राहिला की टाकळखोप्यात बोरची गाडी यायची, आणि नारळ आडवाच राहिला तर सुंदररावांसारखा बडा बागायतदारसुद्धा मुकाट्याने घरी जायचा. चाळीस वर्षांचा हा शिरस्ता. आप्पांचं चौकात किराणा दुकान होतं, पण दुकान ही आपली पोटाची सोय. खरा मान होता तो पाणाड्याचा, जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याचा. नारळ तळहातावर आडवा धरायचा, शेंडी पुढे, पाय अनवाणी, पोट रिकामं, आणि उन्हं वर यायच्या आत अख्खं रान पायाखाली घालायचं. चालता चालता जिथे नारळ आपसूक उभा राहील तिथे टाच रोवायची. तो कशाने उभा राहतो ते कुणी विचारू नये. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं, बाकीच्यांनी हसायचं तेवढं हसून घ्यावं.

आप्पांच्या गुरूने त्यांच्याकडून तीन गोष्टींची शपथ घेतली होती. नारळ घेऊन दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही, नारळाबद्दल खोटं बोलायचं नाही, आणि त्या नारळाखेरीज दुसरं काही घ्यायचं नाही. त्यामुळे आप्पांच्या घरात खोबऱ्याची चटणी बारा महिने असायची आणि सुना तिला वैतागलेल्या असायच्या. शिरूर तालुक्यात लोक म्हणायचे, आप्पांचे दहातले नऊ बोर लागतात. आप्पांनी हे स्वतः कधी म्हटलं नाही. पण कुणी म्हटलं तर खोडलंही नाही.

दोन हजार अठरा साली पावसाने तोंड दाखवलं आणि गेला तो गेलाच. दसरा झाला, मुकादमांच्या गाड्या आल्या, आणि दरवर्षीप्रमाणे निम्म्याहून जास्त गाव भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला निघून गेलं. मागे राहिली म्हातारी माणसं, दहा-वीस बागायतदार, आणि शाळा-कॉलेजातली पोरं. या पोरांच्याच डोक्यात त्या वर्षी एक खूळ शिरलं.

खुळाची म्होरकी होती गंगासागर, आप्पांची नात, शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिच्या जोडीला भारत. त्याचे आईबाप तोडीला गेलेले, घरी तो आणि त्याची आजी. आणखी दहा-बारा जण होते. त्यांनी एक लांब दोरी घेतली, हाताहातावर गाठ मारली, प्रत्येक गाठीला चिंधी बांधली आणि टोकाला स्टीलचा पेला उपडा लटकवला. दोरी विहिरीत सोडायची, पेला पाण्याला टेकला की ‘डब्ब’ असा आवाज येतो, मग गाठी मोजायच्या. दर रविवारी गावातल्या नऊच्या नऊ विहिरी मोजायच्या आणि कुठे किती पाणी ते शाळेच्या भिंतीवर खडूने लिहायचं, असा त्यांचा उद्योग.

“विहिरींची नाडी बघायला वैद्य आले,” म्हणून लोकांनी चिक्कार थट्टा केली. आप्पाही त्यात होते. पण दोन महिने झाले आणि थट्टा करणारेच सोमवारी सकाळी बिडी ओढायच्या निमित्ताने शाळेच्या भिंतीपाशी घुटमळायला लागले. आपली विहीर किती उतरली यापेक्षा शेजाऱ्याची किती उतरली हे बघण्यात जास्त गोडी.

मग डिसेंबरात पोरांनी गाव गोळा केलं आणि हिशेब मांडला, तो पाण्याचा. गावात नऊ विहिरी आणि अजून आटले नव्हते असे चौदा बोर चालू होते. ते सगळे असेच चालू राहिले तर पिण्याचा आड महाशिवरात्रीला कोरडा पडणार. शेतीचे सगळे पंप बंद ठेवून फक्त दोन बोर सगळ्यांनी मिळून वाट्याने चालवले, तर आड मिरगापर्यंत पुरणार. त्यासाठी पोरांनी पाण्याची सोसायटी काढायची ठरवली होती. या जिल्ह्यात सोसायटी म्हटलं की लोकांना आधी चेअरमनची खुर्ची दिसते, म्हणून पहिला प्रश्न तोच आला.

“चेअरमन कोण?”

“दर म्हैन्याला पाळी,” गंगासागर म्हणाली. “पण पाणी काढणाऱ्या एकूण एक माणसाची सही पायजे. एक जरी न्हाई म्हणला तरी सोसायटी व्हणार न्हाई.”

“एकासाठी येवढं कावून अडता?”

“एकटा सगळ्यांचं वढू शकतो म्हणून.”

हे कुणाला फारसं पटलं नव्हतं. पण मग भारत उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, कान लाल झाले होते. तो म्हणाला, “आमची माय पाडव्याला येनार. साडेतीनशे माणूस येनार तवा. आल्याआल्या पयला हंडा कुठून भरायचा, येवढं सांगा.” खाली बसला. त्यानंतर आठ दिवसांत सह्या पडत गेल्या. कुणी मनापासून केली, कुणी भिडेने केली. फक्त सुंदरराव राहिले.

सुंदररावांना दुष्ट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. त्यांची चारशे झाडांची मोसंबी होती, अकरा वर्षांची, आणि तिच्यावर त्यांचा पोटच्या लेकरांपेक्षा जास्त जीव. जुना बोर गुळण्या टाकायला लागला होता. शुक्रवारी ते दुकानात आले आणि त्यांनी गल्ल्याच्या पेटीवर नारळ ठेवला.

“सोमवारी या आप्पा. तुमचा नारळ उभा राह्यला तर नवा घेतो, न्हाई तर न्हाई. बोरवाल्याला सांगून ठिवलंय. गाडी कडा गावापर्यंत आलीय.”

बाग होती आडाच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. नारळ पाहून गंगासागर समजायचं ते समजली.

“आप्पा, जाऊ नका.”

“नारळ आलाय, पोरी. न्हाई म्हणता येत न्हाई.”

“मग नारळ आडवा राह्यला म्हणून सांगा.”

आप्पा तिच्याकडे असे बघत राहिले की तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बरं, जा तुमी. पण उद्याचा एक दिवस मला द्या. आडापाशी नुस्तं बसायचं. बोलू नका, काय करू नका.”

एवढ्याला हरकत नव्हती. दुकान सुनेवर टाकून आप्पा शनिवारी सकाळी आडाच्या काठावर जाऊन बसले. पोरांनी बायकांना सांगून ठेवलं होतं, सात वाजेपर्यंत काय ते पाणी भरून घ्या, मग दिवसभर कुणी पोहरा टाकायचा नाही. सह्या केलेल्यांनी आपापले पंप बंद ठेवले होते. प्रत्येक विहिरीवर दोघं-दोघं दोरी घेऊन उभे. चालणार होता तो एकट्या सुंदररावांचा जुना बोर. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात दिवसपाळीची लाईट होती, नऊला आली, आणि बागेत मोटर सुरू झाल्याचा आवाज आडापर्यंत ऐकू आला.

भारतने दोरी सोडली. डब्ब. “काठापासून पाणी आठ हात, चार बोटं,” त्याने वहीत लिहिलं.

दहाला तेवढंच. आप्पा मिशीत हसले. आडाचा झरा कपिलधारेकडून येतो, देवाचं पाणी आहे ते, असं त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. सुंदररावांचा झरा डोंगराकडचा. दोघांचा संबंध काय? जमिनीखाली झरे असतात आणि ज्याचा झरा त्याचं नशीब, यावर तर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती.

अकराला भारत म्हणाला, “आठ हात, पाच बोटं.”

“दोरी वलीनं आखडली असंल,” आप्पा म्हणाले.

“व्हय, आसंल,” भारत म्हणाला. वाद घालायचा नाही असं त्यांचं ठरलेलं असावं.

बाराला सहा बोटं. साडेबाराला साडेसहा. गंगासागरचा फोन वाजत होता आणि ती प्रत्येक विहिरीचा आकडा वहीत टिपत होती. बंकटच्या विहिरीत तीन बोटं उतरलं. मारुतीच्या विहिरीत दोन. लांबच्या दोन विहिरी जागच्या हलल्या नाहीत, बाकी सातही उतरल्या. कुठेही पोहरा नाही, पंप नाही. आप्पांचं हसू कधीच मावळलं होतं. ते उठले, आडाच्या काठावर पोटावर आडवे झाले आणि लहान पोरासारखी मान आत घालून बघायला लागले. पाण्याच्या वर ओल्या दगडाची एक काळी पट्टी दिसत होती. सकाळी तिथे पाणी होतं.

दीडला लाईट गेली. नेहमीप्रमाणे न सांगता गेली. बागेतला आवाज थांबला आणि शिवार एकदम शांत झालं.

“आता बगा, आप्पा,” गंगासागर हळूच म्हणाली.

आप्पा तसेच पडून राहिले. ऊन पाठीवर आलं, कुणीतरी त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग त्यांना दिसलं की ती काळी पट्टी अरुंद होत चालली आहे. पाणी वर येत होतं. कुणी ओतत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं, आणि पाणी आपल्या आपण, अगदी सावकाश, दगड चढत होतं.

आप्पांच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळात इतक्या वर्षांत आला नसेल असा. “ह्ये... ह्ये कुठून येतंय?”

“सगळीकडून,” ती म्हणाली. “खाली येकच हाय, आप्पा. सुंदररावांनी वढलं की आड उतरतो, अन् त्यांनी थांबवलं की आडाला परत मिळतं.”

एका माठात सगळ्या गावाने तांबे बुडवावेत आणि ज्याचा तांब्या भरला त्याने म्हणावं माझं नशीब थोर, असं हे चाळीस वर्षं चाललं होतं, आणि प्रत्येकाला तांब्या कुठे बुडवायचा ते दाखवत होते सिद्धलिंगआप्पा. त्यांनी जमिनीतून पाणी हुडकलं, पण जमिनीत पाणी कसं राहतं ते एकदाही पाहिलं नव्हतं. आणि ते पाहिलं कुणी, तर काल-परवापर्यंत दुकानात लिमलेटच्या गोळीसाठी हात पुढे करणाऱ्या या पोरांनी. एक दोरी, एक पेला आणि दिवसभर गप्प बसायची ताकद, एवढ्यावर. आप्पांना आपल्या नातीकडे बघायची एकाएकी भीतीच वाटली. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात वाढत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता.

सोमवारी पहाटे ते अनवाणी, उपाशीपोटी बागेत गेले. शब्द म्हणजे शब्द. सुंदरराव पांढरंशुभ्र धोतर नेसून बांधावर उभे होते. गंगासागर आणि भारतही आले होते, लांब, कडुलिंबाखाली. आप्पांनी नारळ हातावर घेतला आणि चालायला लागले. झाडांच्या तिसऱ्या ओळीत नारळ थरथरला आणि ताडकन उभा राहिला. एवढ्या जोरात तो कित्येक वर्षांत उभा राहिला नव्हता.

सुंदरराव धावत आले. “हाय का?”

“हाय.”

“मग टाच रोवा की!”

आप्पांनी नारळ मुठीत घेतला. “पाणी हाय, सुंदरराव. पण त्ये आडाचं हाय. तुमच्या रानातून जातंय येवढंच. तुमचं न्हाई.”

“ह्ये तुमाला त्या पोरांनी पढवलं.”

“व्हय,” आप्पा म्हणाले.

सुंदररावांना राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहराच उतरला. ते वळून बागेकडे बघायला लागले. “अन् झाडं माझी? ती मरू देऊ?”

गंगासागर लिंबाखालून पुढे आली. “मरू द्यायची न्हाईत, काका. यंदा फळ धरायचं न्हाई. फांद्या छाटू, समद्या झाडांच्या बुडाला वल टिकाया उसाचं पाचट टाकू, अन् सोसायटीच्या बोरचं पाणी दर चौथ्या दिवशी. फळ येणार न्हाई, पण झाड जगंल. पाचट आमी टाकतो. नऊ दिवसांत चारशे झाडं होतील.”

सुंदररावांनी जवळच्या झाडाच्या बुडावरून हात फिरवला. मग त्यांनी आप्पांकडे बोट केलं. “आप्पा, तुमच्या शब्दावर माझ्या बापानं बोर घेतले, मी घेतले. आता म्हणता खाली समदं येकच. मग चाळीस वर्सं काय सांगितलं आमाला? दहातले नऊ लागले म्हणतेत. फेल किती गेले? गावासमोर, रानारानात जाऊन दाखवा. येक बी लपवायचा न्हाई. दाखवलं, तर मी सही करतो. येवढ्यावर येवढं.”

“न्हाई काका,” गंगासागर एकदम म्हणाली. “असली सही नको आमाला.”

आप्पा तसेच घरी आले, दुकान उघडून बसले. कुणी साखर मागितली तर त्यांनी रवा तोलला. नाव गेलं की पाणाड्याकडे राहतं काय? हातात नारळ असतो, तो तर बाजारातही मिळतो. फेल गेलेला बोर कुणी उघडा ठेवत नाही. त्यावर दगड टाकतात, माती लोटतात, वर्षभरात तण येतं आणि मालकही जागा विसरतो. आप्पा मात्र एकही जागा विसरले नव्हते. बोर चालू असताना ते तिथे उभे राहत, गाडीतून पाण्याऐवजी पांढरी भुकटी उडायची, मालकाचं तोंड त्या भुकटीने माखायचं, आणि घरी आल्यावर आप्पांना ते तोंड दिसत राहायचं. त्या सगळ्या जागा त्यांच्या पोटात होत्या. मोजल्या मात्र कधीच नव्हत्या. मोजायची हिंमत झाली नव्हती.

संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी नातीला हाक मारली. “गंगे, उद्या चुना घिऊन या. पाटीभर लागंल.”

मंगळवारी सकाळी सुरुवात त्यांनी स्वतःच्याच परसातून केली. जुन्या उखळाखाली पहिला बोर होता. सुनांनासुद्धा ठाऊक नव्हता. “हा माझा,” आप्पा म्हणाले, “दोनशे वीस फूट. थेंब न्हाई.” भारतने वहीत एक आकडा टाकला, कुणीतरी चुन्याने गोल केला. मग गाडीरस्ता, मग मारुतीचं रान, मग माळ. आप्पा काठी टेकत पुढे, पोरं मागे, आणि बांधाबांधावर बघे. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. “इथं माझं चुकलं.” पहिल्या पाच वेळा जीभ जड झाली. केशरबाई तर आपल्या बांधावर खुर्ची टाकूनच बसल्या होत्या. “आप्पा, माझ्या रानात दोन हायेत बरं का, येक दाबू नका!” म्हणून ओरडल्या, आणि बघे हसले. आप्पांनी दोन्ही दाखवले.

दहा झाले. पंधरा झाले. आणि आप्पांच्या ध्यानात आलं की पोरांचं काहीतरी बिनसलंय. ती सुतकी तोंडं करून चालायला हवीत, तर उलट खुशीत येत चालली होती. भारत प्रत्येक बोरवरचा दगड सरकवायचा, आत खडा टाकायचा, कान लावून ऐकायचा आणि डोळे मोठे करून गंगासागरकडे बघायचा. विसाव्या बोरवर तर त्याने चक्क शीळ घातली.

आप्पांचा संयम सुटला. “हसता कावून बे? माणसाची अब्रू चाललीय, अन् तुमाला शिट्ट्या सुचतेत?”

भारत घाबरून उभा राहिला. गंगासागर मात्र आजोबांसमोर मातीत बसली आणि तिने त्यांचे धुळीने भरलेले पाय धरले.

“आप्पा, तुमाला खरंच म्हाईत न्हाई का, ह्ये काय हाय? आमी दोन म्हैने डोकं फोडतोय. पाऊस पडला तरी ह्या काळ्या पाषाणात पाणी आत जाणार कुठून? वरचं वर वाहून जातं. जिरवायला खोल बोर पायजेत, अन् येक बोर घ्यायची बी आमची ऐपत न्हाई. अन् तुमी इथं वीस दाखवले. दोनशे-दोनशे फूट खोल, रिकामे, तयार! तोंडाभवती खड्डा खांदायचा, खाली गोटे, वर वाळू, पाइपाला भोकं पाडून जाळी गुंडाळायची. वढ्याचं पाणी गाळून थेट खाली. आप्पा, तुमचे जेवढे फेल गेले तेवढी ह्या जमिनीला तोंडं फुटली. आनखी किती हायेत?”

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. ज्या भोकांसाठी चाळीस वर्षं मान खाली घातली, ज्यांच्या बाजूने जाताना वाट वाकडी केली, त्यांच्याकडे ही पोरं अशी बघत होती, जसं आप्पांनी उभ्या जन्मात एखाद्या भरलेल्या विहिरीकडे पाहिलं नसेल. माणसाची चूक एवढी कामाची असू शकते हे कुठल्या पोथीत त्यांनी वाचलं नव्हतं.

“लई हायेत,” ते म्हणाले. “चला.”

बुधवार गेला, गुरुवार उजाडला. गावात चर्चेला दुसरा विषय नव्हता. लोकच येऊन सांगायला लागले, “आप्पा, आमच्याकडं बी या, आमचा लवकर लिवा.” चाळीस वर्षांत त्यांनी गावच्या शिवारात एकशे त्रेचाळीस जागा दाखवल्या होत्या. गुरुवारी दुपारपर्यंत वहीत अडुसष्ट फेल झाले. म्हणजे जवळजवळ निम्मे. डोळे मिटून टाच रोवली असती तरी एवढेच लागले असते, हे आप्पांना कळलं आणि गंमत म्हणजे त्याचं त्यांना रडू आलं नाही. सुंदरराव तिसऱ्या दिवशीही थोडं अंतर ठेवून मागून येत होते.

शेवटचं रान उरलं तुळजाबाईंचं. तुळजाबाई म्हणजे भारतची आई. आप्पा सहा वर्षांत त्या पायवाटेने गेले नव्हते. तिथे तीन बोर होते, तिन्ही कोरडे, आणि तिसरा कोरडा गेला त्याच दसऱ्याला तुळजाबाई आणि त्यांचा नवरा पहिल्यांदा कोयता घेऊन तोडीच्या गाडीत चढले होते.

आप्पांनी पहिला दाखवला. दुसरा दाखवला. भारत लिहीत होता. तिसऱ्यापाशी आप्पा थांबले ते थांबलेच.

“भारत, आईला फोन लाव.”

फोन लागला. पलीकडे उसाच्या फडात कोयत्यांचे घाव ऐकू येत होते. भारतने आवाज मोठा करून फोन आप्पांसमोर धरला.

“तुळजाबाई, मी सिद्धलिंग बोलतोय. तुमच्या रानात हाय. गावासमोर सांगतो, ऐका. तुमचे पयले दोन चुकले त्ये चुकले. तिसऱ्या बोरच्या वक्ताला नारळ उभाच राह्यला न्हवता. तुमी पाया पडल्या, रडल्या, मला बगवलं न्हाई. मी बोटानं नारळ उभा केला. गुरूची शपथ मोडली. चूक न्हवती ती, लबाडी हुती.”

गंगासागरने तोंडावर हात धरला होता. फोनमध्ये कोयत्याचा आवाज थांबला.

“मला ठावं हाय, आप्पा,” तुळजाबाई म्हणाल्या.

“आं?”

“म्या तुमच्या हाताकडंच बगत हुते. बोट हाललेलं दिसलं मला. तरी म्या मालकाला म्हणले, बोर घेऊ. तुमाला न्हाई म्हणवना अन् मला बी आशा सुटंना. दोगांनी मिळून केलं ते. भारतनं सांगितलंय मला समदं. त्या तिसऱ्याचा खड्डा दुसऱ्यापरीस मोठा खांदा म्हणावं. लई खोल हाय त्यो.”

आप्पा मटकन खाली बसले. भारतने फोन खिशात टाकला, चुन्याची मूठ भरली आणि तिसऱ्या बोरभोवती आपल्या हाताने गोल काढला. दुसऱ्यापेक्षा मोठा काढला. मग वहीत लिहिलं, एकाहत्तर.

सुंदरराव बांधावरून खाली आले. त्यांनी भारतच्या हातातून वही घेतली, गुडघ्यावर टेकवली, सह्यांचं पान हुडकलं आणि सही केली. वही परत देताना मात्र त्यांचा हात सुटेना.

“चौऱ्याहत्तर कर,” ते खाली बघत म्हणाले. “माझे तीन राह्यलेत. शेजारगावच्या पाणाड्याला आणून घेतलते, आप्पांच्या चोरून. कुणाला म्हाईत न्हाई.”

आप्पांनी मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा ते हसले, आणि हात पुढे केला. सुंदररावांनी त्यांना धरून उठवलं.

“कुठं हायेत?”

“चला, दाखवतो,” म्हणून सुंदरराव पुढे झाले, त्यांच्या मागून आप्पा, आणि आप्पांच्या मागून चुन्याची पाटी घेऊन ती सगळी पोरं.